ई-पुस्तकांचे रूपांतर व शुद्धीकरण

एका वाचनयंत्रासाठी तयार केलेली ई-पुस्तकाची फाइल दुसऱ्या यंत्रावर नीट वाचता यावी, यासाठी तिचा प्रकार बदलणे आणि तिच्या मजकुरातील व मांडणीतील दोष काढणे, ही दोन कामे या प्रक्रियेत येतात. पहिले काम संगणक काही क्षणांत करतो. मराठी पुस्तकाचे खरे भवितव्य दुसऱ्यावर ठरते.

पीडीएफमध्ये पानाची मांडणी कायमची ठरलेली असते. ठाण्यातील ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तके याच प्रकारात विनामूल्य देते. मात्र ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर वाचताना मोठे पान सतत सरकवावे लागते. २००७ मध्ये प्रमाणित झालेल्या ईपब प्रकारात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळतो. ॲमेझॉनच्या किंडल या वाचनयंत्रासाठी पूर्वी मोबी प्रकार लागे. किंडलवर फाइल पाठवणारी ‘सेंड टू किंडल’ सेवा मात्र २०२२ पासून ईपब स्वीकारते. रूपांतरासाठी कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेली, आज कॅलिबर या नावाने ओळखली जाणारी मुक्त प्रणाली सर्रास वापरली जाते, तर ईपबची आतली रचना सुधारण्यासाठी सिजिल ही प्रणाली उपयोगी पडते.

पीडीएफवरून ईपब करताना प्रत्येक छापील ओळ वेगळा परिच्छेद होऊन बसते आणि पृष्ठक्रमांक व शीर्षओळी वाक्यांच्या मध्येच शिरतात. हे दोष शोध-बदल सूत्रांनी, म्हणजे ठरावीक नमुने शोधून ते बदलणाऱ्या आज्ञांनी, काढता येतात. मराठीची मोठी अडचण जुन्या, युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी युनिकोड ही प्रमाण पद्धत रूढ होण्याआधीच्या) फाँटची आहे. त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसवलेली असल्याने फाँट बदलताच मजकूर निरर्थक दिसतो. संकेत बदलताना क्रमही बदलावा लागतो, कारण अशा फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते; रफाराच्या बाबतीत नेमके उलट घडते. हा क्रम चुकला की शब्द दिसायला जवळपास बरोबर, पण शोधात न सापडणारे होतात. त्याहून घातक गोष्ट म्हणजे अदृश्य चिन्हे सरसकट पुसणे. अर्ध्या र साठी अनेक जुन्या युनिकोड मजकुरांत अदृश्य जोडचिन्ह वापरलेले असते. ते गेले की डोंगरातल्या ‘दऱ्या’ समुद्राचा ‘दर्या’ होतात, आणि ही चूक शुद्धलेखन तपासनीसही पकडत नाही, कारण दोन्ही शब्द मराठीत आहेत. म्हणून असे बदल एकगठ्ठा न करता एकेक पाहूनच करणे इष्ट. फाइलची भाषा हिंदी नव्हे, मराठी अशी नोंदवल्यास, सोय असलेल्या फाँटमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे दिसतात.

१८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयांमधून आढळणाऱ्या छापील पुस्तकांची ई-आवृत्ती करताना प्रतिमेवरून अक्षरे ओळखावी लागतात. टेसरॅक्ट प्रणाली मराठी ओळखते, तरी अनुस्वार, ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांच्या चुका राहू शकतात आणि मूळ प्रत शेजारी ठेवून वाचण्यावाचून गत्यंतर नसते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरचे ६० वर्षांचे संरक्षण संपलेली पुस्तके अशा कामासाठी मोकळी असतात. हक्कभंगाच्या हेतूने ई-पुस्तकाची नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप तोडणे मात्र कॉपीराइट कायद्यातील, २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार दंडनीय आहे.