घरगुती सौर व पवन वीज, कोकणातील

सुटे सौर पॅनेल, चार्ज कंट्रोलर (बॅटरीचे चार्जिंग आवरणारे यंत्र), बॅटरी आणि हौस असल्यास हाताने बनवलेली छोटी पवनचक्की जोडून घरापुरती वीज घरीच तयार करण्याची पद्धत. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात तिची खरी गरज भासते ती पावसाळ्यात, तारेवर माड कलंडला की. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडकडच्या कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. पंचाईत अशी, की लाइट जाते आषाढात आणि ऊन असते वैशाखात.

म्हणून हिशेब आषाढाचा धरावा. ९ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आठ तास आणि मोबाइलचे चार्जिंग मिळून दिवसाला साधारण ४५० वॅट-तास (वॅट गुणिले तास) लागतात. एप्रिलात १०० वॅटचे पॅनेल घटतूट जाऊन रोज ३५० ते ४०० वॅट-तास देते. म्हणजे सव्वाशे वॅटमध्ये भागते. संततधारेच्या दिवशी तेच पॅनेल जेमतेम पाव हिस्सा देते, तेव्हा ५०० वॅट हवेत. बहुतेक जण इथे बॅटरी वाढवतात, ते चुकते. भरायला ऊनच नसेल तर मोठा रांजण रिकामाच राहतो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीत १,८०० वॅट-तास मावतात, पण ती निम्म्याखाली उतरवू नये. दोन रात्री निघतात. तारेत कंजुषी नको: १० अँपिअरचा प्रवाह २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेने दहा मीटर नेला, तर जाता-येता मिळून १२ पैकी जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच गळतात. बॅटरीलगत फ्यूज हवाच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान आहे. मात्र ते नोंदणीकृत विक्रेत्याकडून बसवलेल्या, ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेल्या यंत्रणेला मिळते. घरी जुळवलेल्या सुट्या संचाला नाही. शिवाय ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या उपकरणांजोगी करणारे यंत्र) लाइट गेली की स्वतःही बंद पडतो, खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. डोक्यावर लखलखीत ऊन आणि घरात पंखा बंद, हे अनेकांना बसवून झाल्यावर कळते.

रत्नागिरी साधारण १७ अंश अक्षांशावर आहे. तेवढाच कल देऊन पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवतात. पूर्वाभिमुख कौलारू घराची पाखे पूर्व-पश्चिम उतरतात आणि मंगळुरी कौल पायाखाली फुटते, त्यामुळे खळ्याच्या (अंगणाच्या) कडेला काँक्रीटमध्ये पाइप रोवून वेगळा सांगाडा करणे सोयीचे. माडाच्या एका झावळीची सावली पडली तरी उत्पादन बरेच खाली येते. आंब्याखाली तर पॅनेल लावूच नये: मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा काचेवर बसतो, त्यावर धूळ धरते आणि नुसत्या पाण्याने ते निघत नाही.

सर्वांत मोठा शत्रू मात्र खारा वारा. पॅनेलची चौकट ॲल्युमिनिअमची आणि बोल्ट साध्या लोखंडाचे असले, की मिठाच्या ओलाव्यात दोन धातूंची आपसातच बॅटरी होते आणि सांधा कुरतडला जातो. स्टेनलेसमध्येही ३१६ दर्जाचे बोल्ट किनाऱ्यावर जास्त टिकतात. कंट्रोलरच्या डब्यात तार शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी त्या झोलातून ठिबकून जाते. तारेभोवतीचे भोक बुजवायला विसरू नये. मुंग्या आणि पाली ऊबदार डब्यात आनंदाने संसार थाटतात.

पवनचक्की पावसाळ्यातल्या नैर्ऋत्य वाऱ्यावर सूर्याची उणीव भरून काढेल, असे कागदावर दिसते. देवगडच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, सरकारी पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. घरगुती चक्कीसाठी स्कॉटलंडच्या ह्यू पिगट यांचा आराखडा जगभर वापरतात: कोरलेली लाकडी पाती, चुंबकांच्या दोन तबकड्या आणि मध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी. पण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. १.८ मीटर व्यासाची चक्की सेकंदाला ८ मीटरच्या वाऱ्यात सुमारे २३० वॅट देत असेल, तर ४ मीटरच्या वाऱ्यात तीसच्या आतच राहते. माडा-पोफळीच्या आगरात वारा अडतो आणि भोवंडतो, तिथे ती नुसतीच खडखडते. उघड्या सड्यावर, आसपासच्या झाडांच्या बऱ्याच वर उंच खांब असेल तरच खटाटोप करावा. तो खांबही बुडाशी बिजागरीचा आणि ताणाच्या तारांनी बांधलेला हवा: वादळाचा इशारा आला की दोघातिघांनी दोर सैल करत चक्की जमिनीवर आडवी करता येते.