दोन अलादीन, एक नाव: गेम बॉय आणि गेम बॉय ॲडव्हान्सवरील खेळांतला फरक

हातात धरून खेळण्याच्या यंत्रावरील ‘अलादीन’ कसा आहे, असे जुन्या खेळाडूंना विचारले तर एकमेकांशी अजिबात न जुळणारी उत्तरे मिळतात. कोणी सांगतो की पडद्यावर नायक कुठे आणि भिंत कुठे हेच कळत नसे. दुसरा सांगतो की चित्रपटावरून केलेल्या खेळांमध्ये इतका सफाईदार खेळ त्याने क्वचितच पाहिला. दोघेही खरे बोलत असतात, कारण ते दोन वेगळ्या खेळांविषयी बोलत असतात. एक खेळ 1995 साली निन्टेंडो कंपनीच्या गेम बॉय या हातातल्या यंत्रावर आला. दुसरा त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षांनी, 2004 साली, अमेरिकेत गेम बॉय ॲडव्हान्स या त्याच कंपनीच्या पुढच्या, रंगीत पडद्याच्या यंत्रावर विकायला आला. नाव, नायक आणि डिस्नेचा 1992 सालचा चित्रपट हे सारे सारखे असल्यामुळे नवा खेळ म्हणजे जुन्याचीच रंगीत आवृत्ती असावी, असा समज सहज होतो. तो समज चुकीचा आहे.

या गोंधळाचे मूळ 1993 सालात आहे. त्या वर्षी डिस्नेच्या परवानगीने एकाच चित्रपटावर दोन कंपन्यांनी दोन स्वतंत्र प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत अडथळे पार करण्याचे खेळ, तयार केले. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या घरी टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठीचा खेळ व्हर्जिन कंपनीत डेव्हिड पेरी यांच्या चमूने केला. हेच यंत्र अमेरिकेत जेनेसिस नावाने विकले जात असे. निन्टेंडोच्या तशाच सुपर निन्टेंडो यंत्रासाठीचा खेळ जपानमध्ये कॅपकॉम कंपनीने केला आणि त्याच्या रचनेत शिंजी मिकामी यांचा मोठा वाटा होता. भयपटाच्या धाटणीच्या ‘रेसिडेंट इव्हिल’ या खेळामुळे हेच मिकामी पुढे जगभर ओळखले गेले. गेम बॉयचा अलादीन हा व्हर्जिनच्या खेळाचा वंशज आहे, तर गेम बॉय ॲडव्हान्सचा अलादीन कॅपकॉमच्या. ज्यांनी 1990च्या दशकात आपल्याकडे डॉसच्या संगणकावर अलादीन खेळला असेल, त्यांच्या आठवणीतला खेळही व्हर्जिनच्याच घराण्यातला आहे, हे येथे सांगितलेले बरे.

व्हर्जिनच्या खेळाचे खरे बळ त्याच्या चित्रांत होते. डिस्नेच्या चित्रकारांनी हालचालींची चित्रे कागदावर हाताने काढली आणि ती संगणकात उतरवण्यात आली. त्यामुळे अलादीनचे धावणे, दचकणे, तलवार फिरवणे हे सारे चित्रपटातल्यासारखे लवचीक दिसते. पहारेकऱ्याची विजार घसरते तेव्हा हसू येते, ते चित्रातल्या नेमक्या वेळेमुळे. खेळाडूच्या हाती तलवार आणि फेकायला सफरचंदे असतात, आणि उरलेले बळ कोपऱ्यातल्या दिव्यातून निघणाऱ्या धुराच्या लांबीवरून कळते. या खेळात उडीचा हिशेब मात्र तितका काटेकोर नाही. आपली तलवार शत्रूला नेमकी कुठून लागते आणि त्याची आपल्याला कुठून लागते, हे अनेकदा अंदाजानेच ठरवावे लागते. मोठ्या पडद्यावर ही उणीव डोळ्यांआड होते, कारण डोळे दुसऱ्याच गोष्टीत रमलेले असतात.

गेम बॉयवर नेमके तेच रमणे संपले. त्याच्या पडद्यावर 160 गुणिले 144 ठिपके आणि एकाच रंगाच्या चार छटा, एवढाच संसार. मेगा ड्राइव्हच्या 320 गुणिले 224 ठिपक्यांसाठी रेखलेला अग्राबाचा, म्हणजे कथेतल्या शहराचा, बाजार त्यात बसवायचा म्हणजे कनाती, हंडे, दोऱ्या आणि पहारेकरी एकाच राखाडी रंगात मिसळणारच. त्यातच मूळ गेम बॉयचा पडदा हलत्या चित्राला मागे शेपूट लावत असे. ‘काहीच दिसत नाही’ ही तक्रार म्हणूनच पूर्णपणे न्याय्य वाटते. हे रूपांतर करणाऱ्यांनी मेहनत कमी घेतली, असे मला वाटत नाही. त्यांच्या वाट्याला आलेला खेळच चित्रांवर उभा होता, आणि चित्रे गेल्यावर त्याची अचूकतेतली उणीव उघडी पडली.

कॅपकॉमचा खेळ पहिल्यापासून वेगळ्या विचाराने बांधलेला होता. त्यात अलादीनकडे तलवार नाही. शत्रूच्या डोक्यावर उडी मारून, कोलांटी घेत पुढे जायचे, खुंट्यांना आणि दांड्यांना लोंबकळून झोका घ्यायचा, काठाला धरून वर चढायचे आणि उंचावरून उतरताना डोक्यावर चादर पसरून तरंगत खाली यायचे, असा तो खेळ आहे. सफरचंद लागले की पहारेकरी काही क्षण गोंधळतो, पण मार्ग उडीनेच काढावा लागतो. बळ धुराऐवजी हृदयाच्या चिन्हांनी मोजले जाते आणि अबू माकड सतत सोबत धावत असते. या खेळाचा गाभा अंतर, उंची आणि वेळ यांच्या प्रमाणात आहे. ते प्रमाण पडदा लहान झाला तरी बिघडत नाही, म्हणूनच गेम बॉय ॲडव्हान्सवरही एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर झेपावताना हाताला तीच लय सापडते.

अर्थात तिथेही तोटा झालाच. सुपर निन्टेंडोच्या चित्राला 224 ओळी मिळत. गेम बॉय ॲडव्हान्सला 160च. म्हणजे वरचे आणि खालचे दिसणे कमी झाले, आणि ज्या खेळात चादर धरून खाली उतरायचे आहे त्यात खालचे न दिसणे खटकते. सुपर निन्टेंडोमध्ये आवाजासाठी स्वतंत्र चिप होती, तर येथे तो भार मुख्य प्रक्रियकावर पडे. मूळ संगीत कानात बसलेल्या खेळाडूंना हा फरक जाणवतो. तरीही, हातातल्या यंत्रावर यांपैकी एकच खेळायचा असेल तर तो कॅपकॉमचा खेळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठ्या पडद्यावरचा वाद निराळा आहे आणि तो 30 वर्षे मिटलेला नाही. स्वतः मिकामी यांनी एका मुलाखतीत मोकळेपणाने मान्य केले होते की चित्रांची हालचाल व्हर्जिनच्या खेळात अधिक चांगली आहे आणि आपल्यालाही खेळात तलवार हवी होती. पुष्कळदा हे विधान गेम बॉयच्या खेळाच्या बाजूने पुढे केले जाते, पण त्यात तुलना घरच्या दोन यंत्रांची होती. तिचा आधार हातातल्या आवृत्त्यांना लावता येत नाही.

घोटाळा वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे 2000 साली गेम बॉय कलरवर, म्हणजे गेम बॉयच्या रंगीत पडद्याच्या आवृत्तीवर, आलेला अलादीन. तो रंगीत असला तरी व्हर्जिनच्याच खेळावर आधारलेला आहे. सेगाच्या गेम गिअर या हातातल्या यंत्रावरचा खेळ या दोन्ही घराण्यांबाहेरचा आहे. शिवाय मूळ गेम बॉय ॲडव्हान्स यंत्रात गेम बॉय आणि गेम बॉय कलरच्या काडतुसाही (खेळ साठवलेल्या, यंत्रात खोचायच्या छोट्या पेट्या) चालत. त्यामुळे एकाच मुलाने एकाच यंत्रावर हे वेगवेगळे अलादीन खेळलेले असू शकतात, आणि पुढे आठवणीत ते एकमेकांत मिसळले असतील तर नवल नाही.

आजच्या यंत्रांसाठी 2019 साली निघालेल्या डिस्नेच्या जुन्या खेळांच्या संचात व्हर्जिनचा घरचा खेळ आणि गेम बॉयची आवृत्ती होती. कॅपकॉमचा खेळ नव्हता, आणि त्याबद्दल खेळाडूंनी नाराजीही व्यक्त केली. 2021च्या विस्तारित संचात सुपर निन्टेंडोचा खेळ आला. निन्टेंडो स्विचवर तो हातात धरूनही खेळता येतो, आणि तेही कापल्या न गेलेल्या चित्रासह. गेम बॉय ॲडव्हान्सची आवृत्ती मात्र या दोन्ही संचांत नाही. तिच्यासाठी जुनी काडतूसच शोधावी लागते. ती विकत घेताना केवळ नावावर विसंबू नये. गेम बॉय ॲडव्हान्सची काडतूस गेम बॉयच्या काडतुसीपेक्षा स्पष्टपणे आखूड असते, आणि खेळ सुरू केल्यावर अलादीनच्या हातात तलवार दिसली तर तो कॅपकॉमचा नव्हे.