खाद्यजत्रेचा स्टॉल आणि छोटी गॅस टंकी: कोणाला मिळते, कागद कोणते, आणि गॅस आपोआप बंद करणारी साधनं कशी पारखायची

मागच्या खाद्यजत्रेत आमच्या शेजारच्या स्टॉलवर बासुंदीचं दूध उतू गेलं आणि त्याने बर्नरची ज्योत विझली. समोर गर्दी होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. टेबलाला जमिनीपर्यंत झालर लावलेली, तिन्ही बाजूंना कापड. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो त्या झालरीच्या आत साठत राहिला. दोन-तीन मिनिटांनी काकूंनी "अगंबाई, विझला की" म्हणत लायटर मारला आणि भपका उठला. पदर जळला, हात भाजला, पण जीव वाचला.

नंतर आम्ही सामान पाहिलं. शेगडी कोरी करकरीत होती, पण ज्योत विझल्यावर गॅस अडवणारं तिच्यात काहीच नव्हतं. टंकी बाजारातून घेतलेली, बर्नर थेट तिच्या डोक्यावर फिरवून बसवलेला, आणि गॅस "ओळखीच्या माणसाकडून" भरून आणलेला. इंदूरच्या घराघरांतून आम्ही बायका उत्साहाने स्टॉल लावतो. वड्याचं तेल किती लागेल, पुरणपोळ्या किती खपतील, याचा हिशेब महिनाभर आधी होतो. गॅसची चौकशी मात्र आदल्या रात्री होते. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, वैशालीनगर इथल्या ओळखीच्या मंडळींकडून मला सतत तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

घरची लाल टंकी स्टॉलवर नेऊ नका

१४.२ किलोची घरगुती टंकी फक्त घरच्या स्वयंपाकासाठी असते. एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेश, २००० प्रमाणे ती धंद्यासाठी वापरता येत नाही. हा आदेश १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली निघालेला आहे, त्यामुळे टंकी जप्त होण्यापासून खटल्यापर्यंत काहीही होऊ शकतं. दोन दिवसांच्या स्टॉलवर पैसे घेऊन पदार्थ विकले तरी तो धंदाच ठरतो. मोठ्या टंकीतून छोट्या टंकीत गॅस भरून घेणं तर बेकायदा आहेच, शिवाय जिवावर बेतणारं आहे. भरणाऱ्याकडे वजनाचा नीट हिशेब नसतो. टंकीत द्रव गॅसच्या वर जी मोकळी जागा राहायला हवी, ती भरून गेली तर ऊन लागल्यावर द्रव फुगतो आणि त्याला जायला जागा उरत नाही.

मग पर्याय कोणते? दोनच, आणि दोन्ही सोपे आहेत.

पहिला पर्याय ५ किलोची मुक्त विक्रीची टंकी. इंडेनची 'छोटू', एचपीची 'अप्पू' आणि भारतगॅसची 'मिनी' या नावांनी ती ओळखली जाते. हिच्यासाठी कनेक्शन लागत नाही, पत्त्याचा पुरावाही लागत नाही. आधार, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स असं एखादं सरकारी ओळखपत्र दाखवायचं, टंकी आणि गॅसचे पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. गॅस एजन्सीत मिळते, काही पेट्रोल पंपांवरही मिळते. संपली की त्याच कंपनीच्या विक्री केंद्रावर रिकामी देऊन भरलेली घ्यायची. परगावी शिकणारी मुलं आणि बदलीवर आलेले नोकरदार यांच्यासाठी ही सोय केलेली आहे, आणि दोन-तीन दिवसांच्या स्टॉललाही ती अगदी बेतशीर पडते. गॅस घरगुतीपेक्षा महाग लागतो. जीएसटीही घरगुती गॅसवर ५ टक्के आहे आणि या गॅसवर १८ टक्के. पुष्कळ जणी इथेच अडतात. पण वड्यांच्या प्लेटमागे हा फरक काढून बघा, फार पडत नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. ५ किलोची घरगुती टंकीही असते. ती अनामत भरून, पत्त्याच्या पुराव्यावर, घरच्या कनेक्शनवर मिळते. आकार तोच, हक्क वेगळा. मागताना "मुक्त विक्रीची" किंवा "एफटीएल" असं स्पष्ट सांगा आणि पावतीवर तेच लिहिलंय का ते तिथेच वाचून घ्या.

दुसरा पर्याय १९ किलोचं व्यावसायिक कनेक्शन. घरून डबे करणाऱ्या, कायमची गाडी किंवा छोटं दुकान चालवणाऱ्या ताईंनी हेच घ्यावं. अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून करता येतो, पण माझं म्हणणं, एजन्सीत स्वतः जा, एका फेरीत उलगडा होतो. ग्राहकाची माहिती देणारा केवायसी फॉर्म भरायचा. सोबत आधार, पॅन, फोटो आणि जागेचा पुरावा. जागेच्या पुराव्यात वीजबिल, भाडेकरार, गुमाश्ता नोंदणी यांपैकी जे असेल ते चालवतात. हातगाडीवाल्यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली नगर निगमकडून मिळालेलं विक्री प्रमाणपत्र उपयोगी पडतं. खाद्यपदार्थ विकणार म्हणजे अन्नसुरक्षेची, एफएसएसएआयची, नोंदणी वेगळी लागतेच, तिची प्रत फाइलमध्ये ठेवा. जीएसटी क्रमांक असेल तर तोही द्या. अनामत भरली की सब्स्क्रिप्शन व्हाउचर मिळतं. हा कागद लॅमिनेट करून ठेवा. कनेक्शन सोडताना अनामत परत घ्यायला तोच लागतो, आणि रेग्युलेटर बिघडला तर बदलून घ्यायलाही.

एका एजन्सीने आमच्या एका मैत्रिणीला "शेगडी आमच्याकडूनच घ्यावी लागेल, नाहीतर कनेक्शन नाही" असं सांगितलं होतं. अशी सक्ती करता येत नाही. आयएसआय खूण असलेली शेगडी तुम्ही कुठूनही आणू शकता. एजन्सीचा माणूस ती तपासून जोडणी करून देतो. तिने लेखी मागितलं, मग विषय मिटला.

गॅस आपोआप बंद करणारं नेमकं काय असतं

कागदांचा आणि सुरक्षेचा थेट संबंध इथे आहे. कंपनीच्या टंकीच्या तोंडाशी स्वतः बंद होणारा व्हॉल्व्ह असतो. रेग्युलेटर बसवून चालू केला की आतली पिन दाबली जाते आणि गॅस सुटतो. रेग्युलेटर काढला की स्प्रिंग ती पिन वर ढकलते आणि तोंड बंद. घाईत कोणी रेग्युलेटर ओढून काढला तरी गॅस थांबतो. डोक्यावर बर्नर फिरवलेल्या बाजारू टंकीत ही सोयही नसते आणि रेग्युलेटरही नसतो. टंकीतला पूर्ण दाब आणि तुमचा चेहरा यांच्यामध्ये एक चाकी, एवढंच.

ज्योत विझल्यावर गॅस अडवणारी सोय मात्र शेगडीत असते. दुकानात तिला एफएफडी किंवा फ्लेम फेल्युअर म्हणतात. बर्नरच्या कडेला पेन्सिलीच्या टोकासारखी एक धातूची कांडी दिसते, ते थर्मोकपल. ज्योतीने ते तापलं की त्यात अगदी थोडी वीज तयार होते, आणि तेवढ्या विजेवर आतलं छोटं चुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतं. वाऱ्याने किंवा उतू गेलेल्या दुधाने ज्योत विझली की कांडी थंड होते, वीज थांबते, चुंबक सुटतं आणि व्हॉल्व्ह मिटतो. ना बॅटरी, ना प्लग. म्हणूनच या शेगडीची कळ पेटवताना काही सेकंद दाबून धरावी लागते. "कळ दाबून धरायचा कंटाळा" म्हणून कोणी मेकॅनिककडून ही सोय काढून टाकत असेल तर कृपा करून थांबवा.

विकत घेताना दुकानदाराला शेगडी पेटवून दाखवायला सांगा. ज्योत मिनिटभर जळू द्या. मग शेगडीची कळ तशीच चालू ठेवून टंकीचा रेग्युलेटर बंद करायला लावा. ज्योत विझेल. कान देऊन ऐका, थोड्याच वेळात शेगडीतून 'टक' असा बारीक आवाज येतो, तो व्हॉल्व्ह मिटल्याचा. नंतर कळ बंद करायची, मगच रेग्युलेटर उघडायचा. मिनिट-दीड मिनिट थांबूनही आवाज आला नाही तर ती शेगडी घेऊ नका. घरीही जत्रेच्या आधी हीच परीक्षा करा, कारण कांडीवर तेल-दुधाची खापरी बसली की ती नीट काम करत नाही. थंड झाल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसायची. घासणीने खरवडायची नाही.

तिसरं साधन घरोघरी फिरून विकतात: रेग्युलेटरला जोडायचं, काटा असलेलं, "पाइप निघाला तरी गॅस बंद" असं सांगून. गॅस एकदम जोरात वाहू लागला की आतली गोळी किंवा झडप प्रवाह अडवते, हे तत्त्व खरं आहे. पण नळीला बारीक चीर पडली, सांध्यातून थोडा-थोडा गॅस येत राहिला, तर या साधनाला ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने तो शेगडीचाच नेहमीचा वापर असतो. आणि "कंपनीने सक्तीचं केलंय" असं कोणी दारात येऊन सांगत असेल तर ओळखपत्र मागा आणि एजन्सीला फोन करा. कंपनीने न दिलेली वस्तू टंकी आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये घालू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. तेच पैसे चांगल्या नळीवर घाला. आयएस ९५७३ हा क्रमांक छापलेली, आत तारेची जाळी असलेली नारिंगी 'सुरक्षा' नळी घ्या, आणि पाच वर्षं झाली की ती दिसायला चांगली असली तरी बदला. मोठ्या भट्टीचा हाय प्रेशर बर्नर वापरणार असाल तर ही घरगुती नळी आणि घरगुती रेग्युलेटर दोन्ही चालत नाहीत. एजन्सीकडून त्या दाबाची जोडणी करून घ्या.

डबीसारखा कॅन आडवा घालून चालणारी छोटी शेगडीही हल्ली ऑनलाइन मागवतात. चांगल्या शेगडीत कॅन तापून आतला दाब वाढला की कॅन आपोआप सुटतो. तरीही कॅनच्या झाकणावर येईल एवढा मोठा तवा ठेवू नका, दोन शेगड्या चिकटवून लावू नका, आणि ते कॅन पुन्हा भरायचे नसतात.

अमेरिकेतून आणलेली शेगडी

मुलाकडून येताना कॅम्पिंगची शेगडी किंवा हीटर आणणारे आमच्या ओळखीत तीन जण आहेत. तिकडची साधनं प्रोपेनवर चालतात, आणि त्यांत सुरक्षेच्या सोयी उत्तम असतात. हीटर आडवा पडला की बंद होतो, बंद खोलीतला ऑक्सिजन कमी झाला तरी बंद होतो. तिकडच्या छोट्या सिलिंडरमध्ये जास्त गॅस भरू न देणारी तरंगती झडप असते, आणि १ एप्रिल २००२ पासून ती नसलेला सिलिंडर तिथे भरून मिळत नाही. पण या सगळ्या सोयी तिकडच्या सिलिंडरला, तिकडच्या आट्यांना आणि तिकडच्या दाबाला जुळवलेल्या आहेत. आपल्या टंकीत प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, तोंड वेगळं, रेग्युलेटर वेगळा. मध्ये जुगाड करून ॲडॉप्टर लावला की बंद होण्याची साखळी नेमकी तिथेच तुटते. एजन्सीही अशी जोडणी करून देत नाही. ती शेगडी आठवण म्हणून कपाटात ठेवा.

आयोजकांसाठी

गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे एका जागी एका वेळी एकूण १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवायला परवाना लागत नाही. म्हणजे १९ किलोच्या पाच टंक्या, किंवा ५ किलोच्या वीस. पन्नास स्टॉलच्या जत्रेत हा आकडा सहज ओलांडला जातो. त्यापुढचा परवाना पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संगठन म्हणजे पेसो देतं. मुख्यालय नागपूरला आहे, आपल्यासाठी भोपाळचं कार्यालय. त्यामुळे प्रत्येक स्टॉलकडून टंकीचा प्रकार आणि संख्या आधी लेखी घ्या, टंक्यांची बेरीज करा आणि मंडपाच्या परवानगीसाठी नगर निगमकडे जाताना तोच तक्ता सोबत न्या. स्टॉलच्या मागे राखीव टंक्यांची रास नको. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री भरणाऱ्या चौपाटीवर, म्हणजे खाऊगल्लीत, टंक्यांवरून सोन्याच्या व्यापाऱ्यांनी काळजी बोलून दाखवली आहे. अरुंद जागेत ती काळजी रास्त आहे.

टंकी आत घेताना दारावर कोणीतरी एकाने तिच्या वरच्या पट्टीवरची तपासणीची मुदत वाचावी. ए म्हणजे मार्च, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. मुदत उलटलेली टंकी परत पाठवा. झालर जमिनीपासून वीतभर वर ठेवायला लावा, म्हणजे गॅस सुटला तरी साचून राहणार नाही.

अपघात झालाच तर

वास आला तर रेग्युलेटर बंद, आजूबाजूच्या सगळ्या ज्योती बंद, विजेचं बटण चालू-बंद काहीच करायचं नाही, आणि लोकांना बाहेर काढून १९०६ वर फोन. हा गॅसगळतीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२.

भरपाईबद्दल फार थोड्यांना माहिती असते. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, आपल्याला त्याचा हप्ता भरावा लागत नाही. आगीचं मूळ कारण एलपीजी असेल तर मृत्यूसाठी माणशी ६ लाख रुपयांपर्यंत, उपचारांसाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि एका घटनेत सगळ्यांच्या उपचारांचे मिळून ३० लाखांपर्यंत भरपाई आहे. मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत, पण तेही नोंदवलेल्या पत्त्यावरच्या जागेसाठी. आमच्या शेजारच्या काकूंना यातलं काहीच मागता आलं नाही, कारण त्या टंकीची पावतीच नव्हती.

तुमच्याकडे पावती किंवा व्हाउचर असेल तर लगेच एजन्सीला लेखी कळवा आणि प्रतीवर पोच घ्या. एजन्सी कंपनीला कळवते आणि कंपनी विमा कंपनीला, आपल्याला विमा कंपनीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. जखमींसाठी हॉस्पिटलची आणि औषधांची मूळ बिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि डिस्चार्ज कार्ड, मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडावा लागतो. मालमत्तेचं नुकसान पाहायला सर्व्हेअर येतो. तो येईपर्यंत जळलेली शेगडी, नळी आणि रेग्युलेटर यांना हात लावू नका, भंगारात तर अजिबात देऊ नका.