योगवर्ग किंवा फिटनेस प्रशिक्षणाचा व्यवसाय: महाराष्ट्रात नोंदणी कशी करायची, कागदपत्रे कोणती लागतात

घरच्या हॉलमध्ये, भाड्याच्या खोलीत किंवा ऑनलाइन योग, स्ट्रेचिंग, फिटनेस शिकवणाऱ्याला सरकारचा स्वतंत्र 'प्रशिक्षक परवाना' लागत नाही. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्रही ऐच्छिक आहे. त्यातली 'योग प्रोटोकॉल प्रशिक्षक' (200 तास) किंवा 'योग वेलनेस प्रशिक्षक' (400 तास) ही पातळी जरूर गाठावी, शिकणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ती महत्त्वाची आहे. पण तिच्यावाचून व्यवसायाची नोंदणी अडत नाही. नोंदणी अडते ती नाव आणि पत्ता प्रत्येक कागदावर वेगवेगळा असल्यामुळे.

म्हणून आधी व्यवसायाचे नाव पक्के करा आणि त्याचे मराठी व इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर लिहून ठेवा. पुढे सगळीकडे तेच, अक्षरशः तसेच. त्याच वेळी आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे का आणि पॅनवरचे नाव आधारशी जुळते का, हेही पाहून घ्या. एकट्याचा व्यवसाय असेल तर तो तुमच्याच पॅनवर चालतो, वेगळे पॅन काढायचे नसते.

पहिले पाऊल: गुमास्ता (दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद)

2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार (2025 ची दुरुस्ती धरून) 20 पेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी करावी लागत नाही, ऑनलाइन सूचना (नमुना 'फ') पुरते. व्यवसाय सुरू झाल्यापासून 60 दिवसांच्या आत ती आपले सरकार पोर्टलवर कामगार विभागाच्या सेवांमधून द्यायची. सोबत फोटो, सही, आधार किंवा पॅन, स्वयंघोषणापत्र आणि पाटीचा फोटो जोडावा लागतो.

चूक होते ती बहुतेक पाटीत. 2022 च्या दुरुस्तीनंतर लहान आस्थापनांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. इंग्रजी लोगो मोठा आणि मराठी नाव खाली बारीक, अशी पाटी करून घेऊ नका. घरून शिकवत असाल तर घराच्या दारावरची साधी पाटीही चालते, फक्त फोटोत नाव स्पष्ट वाचता आले पाहिजे. मिळते ती सूचनेची पावती. जागा व्यवसायासाठी वापरण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. त्यामुळे सोसायटीत वर्ग घेणार असाल तर समितीचे ना-हरकत पत्र लेखी घ्या.

दुसरे पाऊल: उद्यम

उद्यम म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची ऑनलाइन नोंदणी. तिला शुल्क शून्य आणि कागद अपलोड करायचे नाहीत. आधार, ओटीपी, पॅन आणि स्वतः भरलेली माहिती, एवढ्यावर काम होते. शोधयंत्रात वर येणारी, सरकारी वाटणारी अनेक संकेतस्थळे मात्र एजंटांची असतात. पैसे मागितले की पान बंद करा. अर्जात मुख्य प्रकार 'सेवा' निवडा. योग व क्रीडा शिकवण्यासाठीचा एनआयसी कोड (कामाचा प्रकार दाखवणारा सरकारी क्रमांक) 85410 आहे. एका उद्योगाला एकच उद्यम नोंदणी करता येते. त्यामुळे तुमच्या पॅनवर आधीच दुसऱ्या कामाची (उदा. शिवणकाम, क्लासेस) नोंद असेल तर नवी करू नका, जुनीतच 'अपडेट'मधून हा कोड वाढवा.

या दोन कागदांवर चालू खाते उघडते. एकल मालकीच्या व्यवसायाचे खाते उघडताना रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे व्यवसायाच्या नावाचे दोन पुरावे मागितले जातात, आणि गुमास्ता व उद्यम मिळून ते होतात. एका कागदावर 'योगसाधना वर्ग' आणि दुसऱ्यावर 'योग साधना क्लासेस' असे असेल तर शाखा अर्ज परत पाठवते. सुरुवातीला स्पेलिंगचा एवढा आग्रह धरला तो याचसाठी. फी नेहमी याच खात्यात घ्या, पुढे कर्जासाठी हीच नोंद कामाला येते.

व्यवसाय कर

वर्षाला 2,500 रुपये. महाजीएसटी पोर्टलवर पीटीईसी (स्वतःच्या व्यवसाय करासाठीचे नावनोंदणी प्रमाणपत्र) काढायचे असते, त्याचा क्रमांक 99 ने सुरू होतो. भरणा दरवर्षी 30 जूनपर्यंत करायचा. वय 65 पूर्ण झालेल्यांना हा कर नाही. निवृत्तीनंतर शिकवणाऱ्या अनेकांना हे माहीत नसते आणि ते उगाच भरत राहतात. मदतनीस ठेवलात तर पगार पाहा: पुरुषाचा महिन्याला 7,500 रुपयांच्या वर किंवा स्त्रीचा 25,000 रुपयांच्या वर असेल, तर त्याच्या पगारातून हा कर कापून भरण्यासाठी 27 ने सुरू होणारे पीटीआरसी (मालक म्हणून नोंदणी प्रमाणपत्र) हेही लागते.

जीएसटी कधी?

वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की. उलाढाल म्हणजे जमा झालेली एकूण फी, खर्च वजा न करता, आणि तुमच्या पॅनवरचे सगळे व्यवसाय धरून. 70 जण महिना 2,400 रुपये देत असतील तर वर्षाला 20,16,000 होतात, म्हणजे मर्यादा ओलांडली. मग 30 दिवसांत अर्ज करायचा. 22 सप्टेंबर 2025 पासून योगकेंद्रे व फिटनेस केंद्रांच्या सेवांवर 5 टक्के दर आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. योग शिकवण्याला करमाफी आहे असे सर्रास सांगितले जाते, पण ती आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थांना आहे, व्यक्तीला नाही.

अर्जाला शुल्क नाही. पॅन, फोटो, जागेचे वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती, आणि भाडेकरार किंवा मालकाचे संमतिपत्र जोडा. वीजबिल आजोबांच्या नावाने आणि संमती वडिलांची, अशी गल्लत झाली की शंका निघते. शंकेला 7 कामकाजी दिवसांत उत्तर द्यावे लागते, म्हणून अर्ज केल्यावर रोज पोर्टल उघडून पाहा. क्रमांक मिळेपर्यंत पावतीवर जीएसटी लावायचा नाही.

जाहिरातीत 'मधुमेह बरा होतो', 'गुडघेदुखी कायमची जाते' असे लिहू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली ते दिशाभूल करणारे ठरू शकते. 'फिजिओथेरपी' हा शब्दही पदवी आणि परिषदेची नोंदणी असलेल्यांनीच वापरावा. प्रवेश अर्जात रक्तदाब, गर्भारपण, जुनी शस्त्रक्रिया, मणक्याचा त्रास यांचे रकाने ठेवा, सही घ्या आणि तो कागद जपून ठेवा.