गोंदूर धावपट्टी

गोंदूर धावपट्टी : धुळे शहरालगत गोंदूर गावच्या शिवारातील सरकारी धावपट्टी. धुळेकर तिला विमानतळच म्हणतात, पण तिकीट काढून बसावे असे नियमित प्रवासी विमान येथून सुटत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७० च्या दशकात ती बांधली. पुढे ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली. जिल्ह्याच्या गावची अशी धावपट्टी एरवी मंत्र्यांच्या दौऱ्यापुरतीच जागी होते.

गोंदूरला रोजचे काम मिळाले ते मुंबईच्या गर्दीमुळे. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे ठाणे जुहूला. तेथून सांताक्रूझचा मोठा विमानतळ हाकेच्या अंतरावर असल्याने शिकाऊ विमानांना मोकळे आकाश मिळणे अवघड झाले, आणि क्लबने उड्डाणाचे प्रशिक्षण धुळ्यात आणले. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यातला बराच वेळ एकाच धावपट्टीभोवती चौकोनी घिरट्या घालून पुन्हा पुन्हा उतरण्यात जातो. रहदारी नसलेली धावपट्टी या कामाला सोन्याहून पिवळी.

हवामानाची साथ मात्र अर्धीच. धुळे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्याने कोकणाच्या मानाने पाऊस फार कमी आणि उड्डाणाचे दिवस जास्त. पण उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर राहतो. तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि जमीन सोडायला विमानाला जास्त धाव घ्यावी लागते. दुपारी तापल्या रानावरून वर उठणारे झोत लहान विमानाला चांगलेच हेलकावे देतात. म्हणून वैशाखात नवशिक्यासाठी सकाळच बरी. खानदेशची काळी कपाशीची जमीनही बांधकामाची परीक्षा पाहते : पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर टिकाऊ पट्टी हवी तर खालचा भराव आणि पाण्याचा निचरा चोख लागतो.

खानदेशात प्रवासी वाहतुकीचा मान जळगावला मिळाला. तेथील जुन्या धावपट्टीचा विस्तार होऊन २३ मार्च २०१२ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते विमानतळाचे उद्घाटन झाले. उडान या केंद्राच्या स्वस्त प्रादेशिक विमानसेवेच्या योजनेतील पहिले मुंबई विमान मात्र डिसेंबर २०१७ मध्ये सुटले, आणि तेही काही महिन्यांतच बंद पडले. पुढे इतर कंपन्या आल्या. शिरपूरजवळ तांडे येथे एक खासगी धावपट्टी असून तिचा वापरही वैमानिक घडवण्यासाठीच होतो.