प्रवासातील आरोग्य

प्रवासातील आरोग्य : घरापासून दूर जाताना, वाटेत, मुक्कामी आणि परत आल्यावर प्रकृती सांभाळण्यासाठी घ्यायची काळजी व तिच्यामागचा वैद्यकीय विचार. प्रवास-वैद्यक ही शाखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विमानप्रवास वाढल्यावर आकाराला आली. त्याआधी प्रवाशाला काय होईल यापेक्षा तो काय घेऊन येईल याचीच धास्ती अधिक होती. १३७७ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरील रगूझा (आजचे डुब्रॉव्हनिक) या बंदराने प्लेगग्रस्त भागांतून येणाऱ्यांना ३० दिवस वेगळे थांबवण्याचा नियम केला. पुढे इतरत्र ही मुदत ४० दिवसांची झाली. त्या धास्तीचा वारसा आजही एका कागदात टिकून आहे. अनेक देश पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीचा दाखला पाहिल्याशिवाय, विशेषतः हा रोग असलेल्या प्रदेशातून आलेल्यांना, प्रवेश देत नाहीत. लस टोचल्यानंतर १० दिवसांनी हा दाखला ग्राह्य ठरतो आणि जुलै २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी वैध मानला जातो.

जहाजाच्या काळात हवा, उंची आणि दिनमान हळूहळू बदलत. अंगात शिरलेला रोगही बहुधा वाटेतच बाहेर पडे. आता माणूस काही तासांत दुसऱ्या खंडात उतरतो, शरीर मात्र आपल्या जुन्याच चालीने चालते. लस अंगी लागायला दिवस लागतात, विरळ हवेशी जमवून घ्यायला दिवस लागतात, झोपेची वेळ बसायला दिवस लागतात, आणि डास चावल्यापासून मलेरियाचा ताप येईपर्यंतही दिवसच जातात. प्रवासातील कितीतरी दुखणी या मुदतींकडे काणाडोळा केल्याने ओढवतात. डॉक्टरांची भेट निघण्याच्या चार ते सहा आठवडे आधी घ्यावी, असे सांगितले जाते ते यासाठीच.

त्या भेटीत लोक सहसा दुर्मिळ, भयंकर नावांच्या रोगांविषयी विचारतात. प्रत्यक्षात प्रवाशांचे मृत्यू संसर्गाने क्वचितच होतात. उतारवयात हृदयविकार आणि तरुणांत वाहनांचे अपघात ही त्यांची मोठी कारणे आहेत. पाच लशी टोचून गेलेला माणूस परक्या गावात हेल्मेटशिवाय भाड्याच्या दुचाकीवर बसतो, तेव्हा सगळी तयारी चुकीच्या दाराशी पहारा देत असते. रक्तदाब, मधुमेह, दमा असे जुने आजार असणाऱ्यांनी औषधे मूळ वेष्टनात, लागतील त्याहून थोडी जास्त आणि हातातल्या सामानात ठेवावीत. हरवलेली बॅग चार दिवसांनी मिळते, पण इन्सुलिन चार दिवस थांबत नाही. शिवाय विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे, कारण कंपन्यांची नावे देशागणिक बदलतात.

पोट आणि पाणी : प्रवाशांना सर्वांत जास्त छळणारे दुखणे म्हणजे जुलाब. जोखमीच्या प्रदेशांत दोन आठवडे राहणाऱ्यांपैकी, ठिकाण आणि ऋतूनुसार, ३० ते ७० टक्के लोकांना ते होतात. पुष्कळदा कारण ई. कोलाय या जिवाणूचा विष तयार करणारा प्रकार असतो, आणि उपचाराविना त्रास साधारण तीन ते पाच दिवसांत ओसरतो. उकळलेले, वाफाळते, स्वतः सोललेले एवढेच खावे, हा जुना सल्ला बरोबरच आहे. मात्र तो काटेकोर पाळणाऱ्यांचेही पोट बिघडते, कारण खरा दोष बहुधा स्वयंपाकघरातल्या हातांत, फडक्यांत आणि भांड्यांत असतो. खाणाऱ्याला तो दिसत नाही. त्यामुळे पदार्थाच्या नावापेक्षा तो समोर कसा येतो याकडे पाहावे. चुलीवरून थेट ताटात आलेला साधा पदार्थ तासन्‌तास कोमट राहिलेल्या मेजवानीपेक्षा बरा. बाटलीचे पाणी पिणारेही बर्फाला आणि दात घासताना घेतलेल्या नळाच्या घोटाला हमखास विसरतात. पाणी खळखळून एक मिनिट उकळले की पुरते. २,००० मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून तिथे तीन मिनिटे उकळावे.

जुलाब लागले की जीव घाबरा होतो तो विष्ठेने, पण जिवावर बेतते ते अंगातले पाणी व क्षार गेल्याने, आणि त्यातही लहान मुले व वृद्ध यांच्या. उपाय स्वस्त आहे. लहान आतडे ग्लुकोज शोषताना त्याबरोबर सोडियम आत ओढते आणि सोडियममागोमाग पाणी जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुतांशी उघडी राहते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, साखर आणि मीठ दोन्ही हवे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे पाणी पिंपांतून वाटले आणि पटकीचा (कॉलरा) मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणला. तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. मीठ जास्त झाले तर ते घातक ठरते. चव घेऊन पाहावी, अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते टाकून नवे करावे. ओकारी होत असेल तर पेला तोंडाला न लावता चमच्या-चमच्याने पाजावे. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी लांबच्या बसप्रवासापुरती उपयोगी आहे, पण ताप असेल किंवा शौचात रक्त पडत असेल तर ती घेऊ नये आणि लहान मुलांना देऊ नये. प्रतिजैविके ‘असू द्या’ म्हणून घेण्याची सवय वाईट. त्यांनी आतड्यातील नेहमीचे जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू पोटात घेऊन प्रवासी घरी येतो.

डास : मलेरियाचा ॲनोफिलिस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, डेंग्यूचा एडिस मुख्यतः दिवसा. नुसती रात्रीची मच्छरदाणी म्हणूनच अर्धे काम करते. उघड्या अंगाला डास दूर ठेवणारे, डीट किंवा पिकारिडिन असलेले मलम लावावे, ऊन असेल तर आधी सनस्क्रीन आणि त्यावर हे. मलेरिया टाळण्याच्या गोळ्या मुक्काम हलल्यावरही चालू ठेवायच्या असतात. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे, तर ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. घरी पोचल्यावर गोळ्यांची पट्टी कपाटात टाकून देणारे नेमके इथे फसतात.

प्राणी चावला किंवा त्याने ओरबाडले तर जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि आधी लस घेतली असली तरी चावल्यावरचे डोस चुकवता येत नाहीत.

उंची : साधारण २,५०० मीटरच्या वर गेलेल्या कोणालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. तरणा, व्यायामाने कमावलेला गडी यातून सुटत नाही. उलट तो भराभर चढतो म्हणून लवकर सापडतो. पोचल्यावर काही तासांत डोके ठणकू लागते, अन्नावरची वासना जाते, मळमळते, रात्री झोप तुटते. एवढ्यावर असेल तर तिथेच थांबून विश्रांती घ्यावी. याच अवस्थेत आणखी वर चढणे हीच खरी घोडचूक, आणि ती बहुधा आरक्षण केलेल्या मुक्कामापायी होते. ३,००० मीटरनंतर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला येणे चालते. सोबत्याविषयी शंका आली तर त्याला सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत चालायला सांगावे. तो झोकांड्या खात असेल किंवा असंबद्ध बोलत असेल तर मेंदूला सूज येत आहे. स्वस्थ बसल्यावरही धाप लागत असेल, खोकला येत असेल तर फुप्फुसांत पाणी साचत आहे. दोन्हींत सकाळची वाट न पाहता खाली उतरवणे हाच उपचार. ॲसिटाझोलामाइड या औषधाने शरीर उंचीशी लवकर जुळवून घेते, पण ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. समुद्रात हवेची टाकी लावून बुड्या मारणाऱ्यांनी एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानात बसू नये. विमानातील हवेचा दाब सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीइतका असतो आणि त्याने रक्तातील नायट्रोजनचे बुडबुडे होतात.

बसून राहणे : चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, मग वाहन विमान असो वा बस. निरोगी माणसात तरीही तो फारच थोडा असतो, साधारण सहा हजारांत एक. गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग किंवा पूर्वी झालेली गुठळी असेल तर आधी सल्ला घ्यावा. बाकीच्यांनी अधूनमधून उठावे, बसल्या जागी टाचा उचलून पोटऱ्या हलवाव्यात. परतल्यावर एकच पोटरी सुजून दुखू लागली तर ती मालीश करत बसू नये, दाखवावी.

अनेक कालक्षेत्रे ओलांडल्यावर शरीराचे घड्याळ रोज साधारण एक तास या बेताने सरकते. हे घड्याळ मुळातच २४ तासांहून किंचित मोठे असल्याने दिवस लांबवणारा पश्चिमेचा प्रवास सोपा जातो, पूर्वेचा जड. मुक्कामाच्या ठिकाणचे ऊन हे त्यावरचे सर्वांत परिणामकारक औषध आहे. गाडी लागण्याचे कारण म्हणजे आतला कान हालचाल सांगतो आणि पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले डोळे ती नाकारतात. पुढच्या बाजूला बसून क्षितिजाकडे पाहावे. गोळी घ्यायची तर निघण्यापूर्वी घ्यावी, ओकारी सुरू झाल्यावर ती पोटात ठरत नाही.

परतल्यानंतर : मलेरियाच्या प्रदेशातून आल्यावर आलेला ताप दुसरे काही सिद्ध होईपर्यंत मलेरियाच समजावा आणि त्याच दिवशी रक्त तपासावे. डास चावल्यापासून सात दिवसांच्या आत तो सहसा येत नाही, पण नंतर तीन महिन्यांपर्यंत कधीही येऊ शकतो. मलेरियाचे व्हायव्हॅक्स जातीचे परजीवी यकृतात दडून राहत असल्याने त्यांचा ताप तर कित्येक महिन्यांनीही उलटतो. तोवर प्रवास विसरलेला असतो आणि रुग्ण डॉक्टरांना फक्त कालच्या पावसात भिजल्याचे सांगतो. कुठे गेलो होतो, केव्हा परतलो, कोणत्या गोळ्या घेतल्या आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी मलेरिया होऊ शकतो, म्हणून तेवढ्यावरून रक्ततपासणी टाळू नये.