मोहेंजोदडोची 'कत्तल' : एका निष्कर्षाची पार्श्वभूमी

हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी मिळालेल्या डीएनएवरून 'आर्य बाहेरून आले की नाही' असा जो वाद २०१९ पासून चालू आहे, त्याची मुळे आणखी जुन्या सांगाड्यांत आहेत. मोहेंजोदडोत खोल्यांमध्ये, बोळांत आणि एका विहिरीच्या पायऱ्यांवर मिळून सुमारे ३७ सांगाडे सापडले होते, काही अर्धवट. त्यांच्या बळावर 'आर्यांनी स्वारी करून सिंधू संस्कृती बुडवली' हे विधान उभे राहिले आणि पाठ्यपुस्तकांतून दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात पक्के बसले.

या संस्कृतीचा शोध १९२४ मध्ये जाहीर झाला. त्याआधी हडप्पाच्या विटा रेल्वेमार्गाच्या भरावात गेल्या होत्या आणि १८७५ मध्ये जिचे चित्र छापले गेले ती तिथली मुद्रा (शिक्का) परदेशी समजून बाजूला पडली होती. घोषणेनंतर आठवडाभरातच मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) अभ्यासकांनी तिकडे सापडलेल्या तशाच मुद्रांकडे बोट दाखवले आणि भारतातल्या नगरांचा इतिहास एकदम दोन हजार वर्षांनी मागे गेला. एवढी मोठी नगरे संपली कशी, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

१९४६ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे तत्कालीन महासंचालक मॉर्टिमर व्हीलर यांनी हडप्पाच्या बालेकिल्ल्यावर खोदकाम केले. कच्च्या विटांची जाडजूड तटबंदी उघडी पडली. ऋग्वेदातला इंद्र 'पुरंदर' म्हणजे पुरे (तटबंदीची ठाणी) फोडणारा आहे, दिवोदास राजासाठी तो नव्वद पुरे फोडतो. ती पुरे कुठली, याचे उत्तर आता हाती आले असे त्यांना वाटले. तट मिळाला हडप्पात आणि प्रेते मोहेंजोदडोत. दोन्ही एकत्र जोडून त्यांनी १९४७ च्या अहवालात परिस्थितिजन्य पुराव्यावरून थेट इंद्रालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. वाक्य जोरदार होते आणि ते निष्कर्षापेक्षा लांब गेले.

हा निर्णय इतका सहज घेतला गेला, त्याला कालगणनाही कारणीभूत होती. जुन्या अवशेषांचे वय मोजणारी कार्बन-१४ पद्धत तेव्हा हाती नव्हती. मेसोपोटेमियातल्या मुद्रांच्या आधारे नगरांचा शेवट इ.स.पू. १५०० च्या आसपास धरला जाई, आणि ऋग्वेदाचा काळही साधारण तिथेच पडे. तारखा जुळल्या म्हणून गोष्ट जुळली. पुढे कार्बनच्या तारखांनी नगरांचा शेवट इ.स.पू. १९०० च्या सुमारास नेला आणि आरोपी व गुन्हा यांच्यात काही शतकांचे अंतर पडले.

सांगाड्यांची नोंद कशी झाली होती, हे तर नीट पाहण्यासारखे आहे. १९२० च्या दशकातले खोदकाम मातीचे थर ओळखून झालेले नव्हते. एका ठरावीक पातळीपासून किती फूट खोल, एवढीच नोंद ठेवली जाई. पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे, टेकाड सपाट नसते. एकाच खोलीवर इथे घराची जमीन लागते आणि तिथे दोनशे वर्षांनंतरचा खड्डा. या पद्धतीवर सर्वांत कडक टीका खुद्द त्याच महासंचालकांनी केली होती. तरीही कत्तलीचा निष्कर्ष त्यांनी त्याच नोंदींवर बांधला. मला हा या प्रकरणातला सर्वांत गंभीर दोष वाटतो.

१९६४ मध्ये एका अमेरिकी उत्खननतज्ज्ञाने त्या जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या. सगळे सांगाडे एका वेळचे नाहीत, काही तर नगराच्या अखेरच्या टप्प्याआधीचे. जिथे लढाई व्हायला हवी त्या बालेकिल्ल्यावर एकही प्रेत नाही. जळितांचा थर नाही, विखुरलेली शस्त्रे नाहीत. एका खोलीत १३ प्रौढ आणि एक मूल अशा १४ जणांचे सांगाडे होते. त्यांतल्या काहींच्या अंगावर कडी, अंगठ्या, मणी तसेच होते. लुटारू ते का सोडतील? पुढे १९८० च्या दशकात हाडांची तपासणी झाली. घावाच्या खुणा एखाद-दुसऱ्या कवटीवरच निघाल्या आणि त्यांतलीही एक जखम मरणाआधी भरून आलेली होती. उलट रक्तक्षयाची लक्षणे बऱ्याच हाडांवर दिसली. हिवतापाचा संशय त्यावरूनच आला.

त्यानंतरची स्पष्टीकरणे बहुतेकांना माहीत आहेत: पूर, नद्यांचे बदललेले मार्ग, कमी झालेला पाऊस, मंदावलेला व्यापार. नगरे ओस पडली, तरी माणसे संपली नाहीत. ती लहान गावांत पांगली. हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातली खापरे दक्षिणेत प्रवरेकाठच्या दायमाबादपर्यंत मिळाली आहेत.

कत्तल खोटी ठरली म्हणून बाहेरून कोणी आलेच नाही असे सिद्ध होत नाही, पण अलीकडच्या वादात नेमकी हीच उडी मारली जाते. राखीगढीत ६० हून अधिक नमुने तपासले गेले आणि वाचता येईल असा जनुकसंच मिळाला तो एका स्त्रीचा. त्यात मध्य आशियाई गवताळ पट्ट्यातल्या पशुपालकांचा, म्हणजे ज्यांचा संबंध आर्यांशी जोडला जातो त्यांचा, अंश नव्हता. हा निष्कर्ष सप्टेंबर २०१९ मध्ये छापून आला. त्याच सुमारास ५२३ प्राचीन व्यक्तींच्या जनुकांवरचा दुसरा मोठा अभ्यास आला; तो अंश इ.स.पू. २००० नंतरच्या शतकांत दक्षिण आशियात पोचला असे त्यात म्हटले होते. दोन्ही निबंधांचे काही लेखक तेच. दोन्ही एकमेकांशी जुळतात, कारण ती स्त्री त्या स्थलांतराच्या आधीची आहे. बातम्यांत मात्र पहिला निबंध 'आर्य बाहेरून आले नाहीत' असा झळकला आणि दुसरा मागे राहिला.

२०२४ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात राखीगढीच्या डीएनएचा मजकूर समाविष्ट झाला. राखीगढीच्या टेकाडांचा मोठा भाग अजून खोदायचा आहे; त्यावर आजची गावे वसलेली आहेत.